हंटान नदीकांठचा ज्वर

युद्धाचा इतिहास लिहितांना सेनापतींचे हुकूम व तहाचीं कलमें यांची नोंद आवर्जून होते. छावणीशेजारच्या गवतांतील उंदराची दखल मात्र सहसा कोणी घेत नाहीं. कोरियांतील युद्धाचा वृत्तांत वाचतांना ही उणीव आम्हांस विशेष जाणवली.

इ. स. १९५१ मध्यें ३८ व्या अक्षांशाजवळ, हंटान नदीच्या परिसरांत, संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांस एक अपरिचित ज्वर येऊं लागला. प्रथम कडक ताप व कंबरदुखी. मग रक्तदाब एकाएकीं खालावे, अंगावर रक्ताचे ठिपके उठत. आणि ताप उतरला म्हणून रोग्यानें सुटकेचा निःश्वास टाकावा, तोंच त्याचें मूत्र जवळजवळ बंद होई. या रोगांत सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरूं लागतात व मूत्रपिंडांचें रक्त गाळण्याचें काम मंदावतें. त्या अवस्थेंत पाणी अधिक दिल्यास तें फुप्फुसांत सांचण्याची भीति. पुढें मूत्र सुटलें म्हणजे इतकें सुटे कीं शरीर शुष्क होऊन प्राणांवर बेतावें. तीन हजारांहून अधिक सैनिक या रोगानें पछाडले. १९५२ सालीं वोंजू येथील लष्करी रुग्णालयांत कृत्रिम मूत्रपिंडाचें यंत्र आणिलें गेलें, तें जखमींप्रमाणेंच या रोग्यांच्याही उपयोगी पडलें.

रोग वस्तुतः नवा नव्हता. १९३० नंतरच्या दशकांत अतिपूर्वेकडील रशियन वैद्यांनीं व मांचुरियांतील जपानी लष्करानें तो पाहिला होता. जपानच्या ७३१ क्रमांकाच्या पथकानें तर जिवंत कैद्यांवर त्याचे प्रयोग केले. इतकें क्रौर्य करूनही रोगाचें बीज त्यांच्या हातीं आलें नाहीं. संशय उंदराच्या अंगावरील बारीक किड्यावर राहिला, आणि पुढें अमेरिकन संशोधकही त्याच मागानें गेले.

सोलचे प्राध्यापक ली हो-वांग यांनीं १९७६ सालीं हें कोडें सोडविलें. शेतांतील पट्टेरी उंदराच्या फुप्फुसाच्या पातळ कापांवर त्यांनीं बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तांतील रस लाविला. चमकणाऱ्या रंगाच्या योगानें विषाणूंच्या जागा सूक्ष्मदर्शकाखालीं उजळल्या. विषाणूस नदीचेंच नांव मिळालें. उंदराचें मूत्र व विष्ठा वाळून धूळ होते, व ती श्वासावाटे माणसांत शिरते. किड्याच्या मध्यस्थीची गरज नाहीं. खंदक खणणारा शिपाई आणि पीक कापणारा शेतकरी दोघेही एकाच रोगास कां बळी पडत, हें तेव्हां उमगलें.

१८९६ च्या प्लेगपासून आपल्या लोकांस एक धडा मिळाला होता : घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें. येथें तो इशाराच नाहीं, कारण हा विषाणु वाहणारा उंदीर स्वतः निरोगी राहतो. आपल्या वेल्लूर येथें १९६४ सालीं एका चिचुंद्रीच्या शरीरांतून एक विषाणु वेगळा काढिला होता. तो हंटानच्याच कुळांतला, हें मात्र हंटानचा शोध लागल्यानंतर कळलें. वस्तु हातीं असूनही ओळख पटण्यास काळ जावा लागतो, याचें हें घरचें उदाहरण.

बंदिवानांचे प्राण घेऊन जें साधलें नाहीं, तें बऱ्या झालेल्या रोग्यांच्या थेंबभर रक्तानें साधलें. ज्ञानाकरितां क्रौर्य अपरिहार्य असतें, असें म्हणणारांनीं हा इतिहास एकवार वाचावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.