सिंथिया म्हणजे चांदबी

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. दुसरी मुलगी झाली, अकिका तोंडावर आला आणि नाव काही ठरत नव्हतं. थोरलीचं नाव आलिया. घरच्यांची अट अशी की धाकटीचं नाव थोरलीच्या नावाशी जुळलं पाहिजे आणि अर्थही चांगला हवा.

“मामू, तुम्हीच सांगा ना काहीतरी,” ती म्हणाली. मोबाइलवर नावांच्या याद्या बघून ती कंटाळली होती. आलियाला जुळणारी म्हणून जी नावं पुढे आली, त्यात एक तिने हसत हसत वाचून दाखवलं. “हे बघा, सिंथिया! इंग्रजी नाव दिसतंय. काय अर्थ असेल हो?”

“चांदबी,” मी म्हणालो.

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. फोनवर सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितो. हे नाव परदेशी असलं, तरी ज्या बाईंमुळे मला ते ठाऊक झालं त्या आमच्या नगरच्या होत्या.

डोंगरावरून आलेली नावं

तिसगावहून नगरला निघालं की करंजी घाट लागतो. घाट उतरून पुढे गेलं की डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली इमारत दिसते. एसटीत बसलेलं कुणीही सांगेल, ‘तो चांदबीबीचा महाल.’ लहानपणी मीही तेच शिकलो. खरं तर तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. मूर्तझा निजामशहाचा दिवाण दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. कबरीत दिवाण आहे, पण लोकांच्या तोंडी नाव चांदबीबीचं राहिलं.

ते का राहिलं, हे समजायला अवघड नाही. हुसेन निजामशहाची ही लेक विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. विधवा झाल्यावर ती माहेरी आली आणि १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेसमोर तिने नगरचा किल्ला लढवला. शेवटी वऱ्हाड देऊन तह करावा लागला, पण किल्ला तिने राखला. १६०० साली मोगलांनी पुन्हा वेढा घातला तेव्हा तिला स्वतःच्याच लोकांनी मारलं. त्यानंतर किल्ला पडला.

आता सिंथियाकडे येऊ. हे नावही एका डोंगरावरून आलं आहे. ग्रीसच्या समुद्रात डेलोस नावाचं छोटं बेट आहे. त्यावर किंथोस नावाचा डोंगर, उंची जेमतेम ११२ मीटर. आपल्या घाटमाथ्यावरच्या माणसाला तो टेकाडच वाटेल. अपोलो आणि आर्टेमिस ही जुळी भावंडं या बेटावर जन्मली अशी ग्रीकांची कथा आहे. म्हणून आर्टेमिसला ‘किंथिया’, म्हणजे किंथोसची, असं म्हणू लागले. पुढे आर्टेमिस चंद्राची देवी मानली गेली आणि या नावाला चंद्राचा अर्थ चिकटला. लॅटिनमधून इंग्रजीत येताना किंथियाची सिंथिया झाली.

इंग्रज कवींनी हे नाव आपल्या राणीला, पहिल्या एलिझाबेथला दिलं. ती अविवाहित आणि आर्टेमिसही कुमारी, म्हणून राणी त्यांची सिंथिया झाली. बेन जॉन्सनच्या एका नाटकाच्या नावातच सिंथिया आहे, आणि ते नाटक १६०० सालचं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १६०० रोजी, या राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. नगरची चांदबीबी त्याच साली गेली होती. योगायोगच म्हणायचा, इतिहासात योगायोगावर इमारत उभी करू नये. पण या कंपनीची फौज वेलस्लीच्या हाताखाली १८०३ मध्ये नगरच्या किल्ल्यावर आली हे खरं आहे. तेव्हा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. इंग्रजांच्या कागदात शिंद्यांचं आडनाव ‘सिंदिया’ असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत सिंथियाला यमक शोधायला गेलं की कॅरिंथियासारखी एखाददुसरी प्रांताची नावं हाती लागतात. नगरच्या माणसाला मात्र यमक घरातच सापडतं.

फरार बाई

१८०३ नंतर तीसेक वर्षांनी नगरमध्ये दुसरेच परके आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणं उघडलं. पुढे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मिशनने नगरमधून सुरू केलं. आणि १८३९ मध्ये इथे राहायला आल्या मिस सिंथिया फरार.

त्यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधला. अमेरिकेतून परदेशी धाडलेल्या सुरुवातीच्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि मुलींच्या शाळा चालवू लागल्या. तब्येतीमुळे मध्ये मायदेशी गेल्या, परत आल्या त्या नगरला. १८६२ मध्ये नगरमध्येच वारल्या. मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या मिशनमधल्या या बाईंचं नाव मात्र ग्रीकांच्या देवीचं होतं. नावं अशीच असतात. ती देताना आईबाप अर्थ पाहतात, कानाला गोड लागतं का ते पाहतात. त्यामागचा धर्म फार कुणी तपासत नाही.

आडनावाची गंमत वेगळीच. शाळेत असताना ‘फरार मॅडम’ हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटलं, ही बाई कुठला गुन्हा करून पळाली असेल! आपल्याला फरार म्हणजे अरबी ‘फिरार’, पळून गेलेला, पोलिसांना हवा असलेला. बाईंच्या आडनावाचा त्याच्याशी संबंध नाही. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, मूळ लॅटिन शब्द लोखंडाचा. अर्थ लोखंडाचं काम करणारा, घोड्यांना नाल मारणारा. म्हणजे नालबंद. दख्खनच्या मुसलमानांत नालबंद आडनावाची घरं आजही आहेत. तेव्हा मिस सिंथिया फरार हे नाव आपल्या बोलीत आणायचं तर चांदबी नालबंद असं होईल. या नावाची बाई आठवडी बाजारात भेटली तर कुणाला परकी वाटणार नाही.

या चांदबी नालबंदांच्या शाळेचं महत्त्व नगरपुरतं नव्हतं. जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. जोतीराव त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी फरार बाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. पुण्यात मुलींची शाळा काढायची प्रेरणा तिथून मिळाली, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलं आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरार बाईंकडे नगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये घेतले, असं त्यांचे चरित्रकार लिहितात. सावित्री हे नाव सवितृचं, म्हणजे सूर्याचं.

दूध तोडणारी

फुल्यांच्या या गोष्टीत तिसरं नाव येतं ते फातिमाचं. वडिलांचं घर सोडावं लागल्यावर जोतीराव-सावित्रीबाईंना गंज पेठेत उस्मान शेख यांनी आसरा दिला, त्यांची बहीण फातिमा सावित्रीबाईंसोबत शिकवू लागली, असं आपण ऐकत आलो आहोत.

२०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर एका पत्रकाराने जाहीर केलं की फातिमा शेख हे पात्र आपणच रचलं होतं, अशी बाई झालीच नाही. दोन दिवस फोन थांबेना. काही जणांना आनंद झाला होता. काही जण रडवेले झाले होते. आमच्या एका नातेवाईक शिक्षिकेने विचारलं, “आता वर्गातला फोटो काढून टाकायचा का?”

मी तिला सावित्रीबाईंच्या पत्राबद्दल सांगितलं. १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र आहे. सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावला माहेरी होत्या. तिथून त्या जोतीरावांना लिहितात. आपण नसल्याने फातिमावर कामाचा भार पडत असणार, पण ती तक्रार करणारी नाही, अशा अर्थाचा उल्लेख त्यात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९८८ मध्ये छापलं, त्यात हे पत्र आहे. तेव्हा समाजमाध्यमं जन्मालाही आली नव्हती.

पण एक गोष्ट आपल्यालाही ऐकावी लागेल. त्या पत्रात फक्त ‘फातिमा’ आहे, ‘शेख’ नाही. जन्मतारीख नाही, शिक्षण नाही. आपण भक्तीपोटी त्या एका नावाभोवती पुष्कळ काही रचलं. ९ जानेवारी १८३१ ही तारीख धरून जयंत्या केल्या, पहिली मुस्लिम शिक्षिका म्हणून पदव्या दिल्या. ज्याला आधार नाही ते रचलं की विरोधकाला तेवढंच दाखवून सगळं खोटं ठरवता येतं. फातिमाला नाकारणाऱ्यांचं काम आपल्याच उत्साहाने सोपं केलं.

फरार बाईंवर ही वेळ कधी आली नाही. त्या होत्या की नव्हत्या, असं कुणी विचारत नाही. कारण त्यांच्या पाठीशी मिशन होतं. मिशन दरवर्षी अहवाल लिहायचं, कोण कुठे शिकवतं याची नोंद ठेवायचं. फातिमाच्या पाठीशी असं कुणी नव्हतं. तिच्यासाठी एका मैत्रिणीने आजारपणात एक वाक्य लिहिलं, आणि तेवढंच उरलं. पण ते वाक्य एखाद्या पदवीपेक्षा जास्त सांगतं. एक बाई कामाला होती, काम जड होतं, आणि दुसरीला तिचा भरवसा होता.

फातिमा या नावाचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. प्रेषितांच्या लाडक्या लेकीचं नाव म्हणून आपण ते ठेवतो. अरबीत ‘फत्म’ म्हणजे बाळाचं अंगावरचं दूध तोडणं. फातिमा म्हणजे दूध तोडणारी, बाळाला घासाची सवय लावणारी. शिक्षिकेला याहून नेमकं नाव कुठून आणणार?

वजन जुळतं का?

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळतो. जुळतं म्हणजे काय जुळतं? आपल्याकडे भावंडांची नावं सलीम, कलीम, अलीम अशी एका माळेत ओवतात. कानाला ते यमक वाटतं, पण मुळात तो अरबी व्याकरणाचा साचा आहे. तीन अक्षरांचं मूळ घ्यायचं आणि ठरलेल्या साच्यात ओतायचं. या साच्याला ‘वजन’ म्हणतात, आणि शेराच्या मापालाही वजनच म्हणतात. काम करणारीचं नाव बनवायचा साचा आहे ‘फाइला’. साजिदा म्हणजे सजदा करणारी, आबिदा म्हणजे इबादत करणारी, फातिमा म्हणजे दूध तोडणारी. आलियासुद्धा त्याच साच्यातली, अर्थ उंच असलेली.

मराठी गझल वाचणाऱ्यांनी टाळी वाजवून बघावं. आलिया, गालगा. फातिमा, गालगा. चांदबी, गालगा. आणि सिंथिया, तीही गालगा. शेवटची अक्षरं वेगळी, पण चौघींचं वजन एक.

आमच्या भागाला एकाला दोन नावं असणं नवीन नाही. तिसगावजवळच मढी आहे. कानिफनाथ म्हणणारे आणि शाह रमजान म्हणणारे पिढ्यान्‌पिढ्या तोच डोंगर चढत आले. जिल्ह्याचं नावही २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेक, त्यांच्या नावाशी कुणाचं भांडण असायचं कारण नाही. मात्र पाटीवरचं नाव एका दिवसात बदलतं आणि कागदावर नसलेलं माणूस एका पोस्टने पुसलं जाऊ शकतं, हे आता आपण पाहिलं आहे. माझ्या आईचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं होतं. एका कचेरीत तिला, ‘यातली तुम्ही कोण?’ असं विचारलं गेलं तेव्हा मी सोबत होतो. ती काही बोलली नाही. तिलाही तक्रार करायची सवय नव्हती.

म्हणून नावाचा अर्थ शोधून थांबू नये. गावोगाव शिकवलेल्या, अंगणवाडी चालवलेल्या, मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण आणि बाराखडी एकत्र शिकवणाऱ्या बायका आपल्या घरांत आहेत. त्यांची नावं, त्यांचं काम, सालासकट कुठेतरी लिहून ठेवा. वाढवू नका आणि गाळूही नका.

भाचीने धाकटीचं नाव फातिमा ठेवलं. थोरलीच्या नावाशी जुळत नाही म्हणून सासरी जरा कुरबुर झाली, तेव्हा तिने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या म्हणे. जन्मनोंदणीचा अर्ज भरायला बसली तेव्हा मला पुन्हा फोन केला. मी म्हणालो, “घाई करू नकोस. मराठीत काय लिहिलंस, इंग्रजीत काय लिहिलंस, एकेक अक्षर मला वाचून दाखव.”