उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनीं उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्यानें ती प्रथम योजिली त्याला उकिरडा ही जगांतील अत्यंत हतभागी वस्तु वाटली असावी, आणि तिचेंही दैव केव्हां तरी उघडतें एवढा धीर त्याला कोणा दुर्दैवी माणसास द्यावयाचा असावा. परंतु इतिहासकारांच्या दरबारीं उकिरड्याचा पांग अद्याप पुरता फिटलेला नाहीं. राजांच्या मोहिमा, किल्ल्यांचे वेढे आणि तहांचीं कलमें यांवर ग्रंथ पुष्कळ झाले. गांवचा केर कोणीं काढला, तो कोठें टाकला, आणि काढणाऱ्यास गांवानें कसें वागविलें, ही हकीकत क्वचितच कोणीं मन लावून सांगितली. वस्तुतः गांवाचा स्वभाव देवळाच्या शिखरावरून जितका कळत नाहीं तितका उकिरड्यावरून कळतो. म्हणून आज या उपेक्षित विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सोलापूर जिल्ह्यांतील माळशिरस तालुका या विचारास फार सोयीचा आहे. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटण व बरड मागें टाकून याच तालुक्यांतून सोलापूर जिल्ह्यांत शिरते, आणि नातेपुतें, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरीची वाट धरते. देहूची तुकाराममहाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलुजास येते. आषाढाच्या पहिल्या पंधरवड्यांत लाखों माणसें थोडक्या दिवसांत या एका तालुक्यांतून जातात. रिंगणाचा अश्व धांवतो, टाळमृदंगांनीं माळरान दुमदुमतें, गांवकरी भाकरीच्या चळती घेऊन वाटेवर उभे राहतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पालखी हालते, आणि मागें जें उरतें तें पाहावयास कोणी थांबत नाहीं. पत्रावळी, उष्टें अन्न, तुडविलेला चिखल, आणि ओढ्याकांठीं व शेताच्या बांधांवर झालेली घाण यजमान गांवाच्या पदरीं पडते. तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनीं 1685 मध्यें पालखीचा प्रघात पाडला. ही घाण काढावयाची कोणीं, हा प्रश्नही जवळजवळ तितकाच जुना आहे.

हा प्रश्न नुसता नाकास पदर लावण्याचा नव्हता. तो जिवाचा होता. एकोणिसाव्या शतकांत पटकीची सांथ पंढरपूरच्या यात्रेबरोबर गांवोगांव फिरे, आणि घरीं परतणारा वारकरी कधीं कधीं बुक्क्याच्या पुडीबरोबर रोगही नेई. लंडन शहरांत 1854 मध्यें जॉन स्नो या डॉक्टरानें एका पंपाचें दूषित पाणी आणि पटकीचे मृत्यु यांची सांगड घालून दाखविली. रॉबर्ट कॉख यानें 1884 मध्यें कलकत्त्याच्या तळ्यांत व रोग्यांच्या आंतड्यांत त्या रोगाचा जंतु ओळखला. आमच्या खेड्यांत मात्र तो मरीआईचा कोप होता. गांवकरी वर्गणी काढून, मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडीत. शेजारचें गांव तोच गाडा आपल्या शिवेबाहेर पुढें लोटी. या चालीस कोणी अडाणीपणा म्हणोत. आम्हांस तीमध्यें एक सबंध तत्त्वज्ञान दिसतें. आपल्या शिवेपलीकडे जें गेलें तें नाहींसें झालें, अशी त्या गांवाची दृढ समजूत होती. रोग शिवेबाहेर, केर शिवेबाहेर, मेलेलें जनावर शिवेबाहेर, आणि हें सारें वाहून नेणारीं माणसेंही शिवेलगत, वेशीबाहेर!

हल्लीं ज्यास लोकसहभाग म्हणतात त्याचा इतिहास येथूनच सुरू केला पाहिजे. जुन्या गांवगाड्यांत सहभाग नव्हता असें नाहीं. घरापुढील अंगण घरची लेकीसून शेणानें सारवी. शेणकचरा ज्याच्या त्याच्या उकिरड्यांत जाई, आणि पावसाळ्यापूर्वीं खत होऊन शेतांत पडे. त्या व्यवस्थेंत फुकट जाणारें फारसें कांहीं नव्हतें, ही गोष्ट तिच्या पदरीं घातलीच पाहिजे. परंतु जें कोणा एकाचें नव्हे, सर्वांचें होतें, म्हणजे रस्ता, चावडी, वेस आणि मेलेलें ढोर, तें सर्व महारांच्या माथीं होतें. येसकराचें काम महारवाड्यांतील घरांत पाळीनें फिरे. पाळी हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. सार्वजनिक काम आळीपाळीनें करण्याची कल्पना आमच्या खेड्यास पूर्ण ठाऊक होती. मात्र ती पाळी एका वाड्याची वेस ओलांडून दुसऱ्या आळींत कधीं आली नाहीं. घाण करण्यांत सगळा गांव भागीदार, आणि काढण्यांत एकच जात! मोबदला म्हणून शिळी भाकरी व खळ्यावरचें बलुतें मिळे, आणि वर विटाळाचा शिक्का बसे.

इंग्रज सरकारनें 1889 मध्यें मुंबई इलाख्यासाठीं ग्रामारोग्याचा कायदा केला. गांवांत समित्या नेमाव्या, विहिरी व रस्ते स्वच्छ राखावे, नियम मोडणारास दंड करावा, असा त्याचा आशय होता. पुढें 1920 मध्यें ग्रामपंचायतींचा कायदा झाला आणि लोकनियुक्त पंचांकडे हें काम आलें. हेतु चांगले होते. पण नियम करणारा वर, दंड भरणारा खालीं, आणि झाडणारा तोच पूर्वीचा, अशी स्थिति राहिली. ज्या कामास गांव मनांतून हलकें मानीत होता तें कागदावर महत्त्वाचें ठरविल्यानें त्याची प्रतिष्ठा कशी वाढणार?

या दुखण्यावर पहिला नेमका घाव डॉ. आंबेडकर यांनीं घातला. 1927 च्या मार्च महिन्यांत महाड येथील परिषदेंत मृत मांस सोडण्याचा व अमंगल कामें टाकून देण्याचा उपदेश त्यांनीं केला. 1928 मध्यें महार वतनासंबंधीं विधेयक मुंबईच्या कायदे कौन्सिलांत मांडलें. आणि अखेर 1958 च्या कायद्यानें हीं कनिष्ठ वतनें गेलीं. महारांनीं ढोरें ओढणें थांबविलें तेव्हां पुष्कळ गांवांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातले. त्या रागाचा अर्थ आम्हांस असा वाटतो कीं, आपली स्वच्छता आपली नव्हती, ती दुसऱ्याच्या लाचारीवर उभी होती, हें गांवास तेव्हां एकाएकीं कळलें. ग्रामस्वच्छतेच्या इतिहासांत या घटनेची नोंद बहुधा करीत नाहींत; आमच्या मतें तोच त्यांतील मुख्य प्रसंग होय.

दुसरा मार्ग गाडगेबाबांचा. 1876 मध्यें अमरावती जिल्ह्यांत, परीट कुळांत जन्मलेल्या या पुरुषानें 1905 मध्यें घर सोडलें, आणि हातांत खराटा व डोक्यावर गाडग्याचें खापर घेऊन सारा महाराष्ट्र पालथा घातला. गांवांत शिरतांच ते प्रथम रस्ता झाडूं लागत. रात्रीं कीर्तनांत त्याच गांवकऱ्यांस प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरें काढीत. पंढरीस जाऊनही देवळाच्या गाभाऱ्यापेक्षां चंद्रभागेच्या वाळवंटावर त्यांचें लक्ष अधिक असे. यात्रेकरूंसाठीं त्यांनीं धर्मशाळा बांधल्या. त्यांपैकीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढें डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपविली. हे दोन मार्ग परस्परविरुद्ध नव्हते, याची ही सुंदर साक्ष आहे. एकानें झाडू सक्तीनें ज्याच्या हातीं दिला होता त्याच्या हातून सोडविला. दुसऱ्यानें तो स्वतःच्या हातीं घेऊन उरलेल्या गांवास लाजविलें. 20 डिसेंबर 1956 रोजीं बाबा निवर्तले, डॉ. आंबेडकर चौदाच दिवसांपूर्वीं गेले होते.

बाबांच्या नांवानें महाराष्ट्र सरकारनें 2000–01 मध्यें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें. तेव्हां रा. रा. पाटील हे ग्रामविकासमंत्री होते. या योजनेंतील नवलाची गोष्ट ही कीं, सरकारनें आधीं पैसा दिला नाहीं. आधीं काम मागितलें. गांवानें श्रमदान करावें, गटारें व शोषखड्डे खणावे, संडास बांधावे, झाडें लावावीं, मग तपासणी होऊन तालुक्यापासून राज्यापर्यंत बक्षिसें मिळावीं. गांवांत चुरस लागली. ज्या मंडळींनीं कधीं केरसुणीस हात लावला नव्हता तीं भल्या पहाटे रस्त्यावर दिसूं लागलीं. येसकराची जुनी पाळी कांहीं दिवस का होईना, सगळ्या आळ्यांत फिरली, हें त्या अभियानाचें खरें यश.

परंतु चुरशीचा धर्मच असा कीं, निकाल लागला म्हणजे ती संपते. तपासणीसाठीं रंगविलेल्या भिंतीचा चुना दुसऱ्या पावसांत धुपतो. केंद्र सरकारनें निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केले, त्यांत महाराष्ट्रानें सर्वांपुढें मजल मारली. तथापि 2011 च्या खानेसुमारींत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांतील शेंकडा सुमारें 38 घरांनाच आवारांत संडास असल्याचें आढळलें. पुढें 2014 मध्यें स्वच्छ भारत मोहीम आली, घरटी बारा हजार रुपयांचें साहाय्य मिळूं लागलें, आणि 2018 च्या एप्रिलांत राज्याचा सर्व ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. इमारती उभ्या राहिल्या, हें खोटें नाहीं. कांहीं ठिकाणीं पहाटे पथकें पाठवून उघड्यावर बसणारांस लाजविण्याचाही उपाय झाला. पण ज्याच्या घरीं जागा नाहीं, पाणी नाहीं, त्यास लाजवून काय साधणार? बाबांनीं स्वतः झाडून लाजविलें होतें. येथें लाजविणारा नुसता उभा राहून लाजवीत होता. दोहोंत फार अंतर आहे.

आतां एका साध्या खड्ड्याकडे पाहूं. खेड्यास सर्वांत सोयीचा संडास दोन खड्ड्यांचा. एक खड्डा कांहीं वर्षांनीं भरला कीं दुसरा वापरावा. पहिला मातीनें झांकून वर्षदोन वर्षें ठेवला म्हणजे आंतील मैल्याचें वास नसलेलें काळें खत होतें, आणि तें घरच्याच माणसानें काढून शेतांत घालावें. यांत अपवित्र असें कांहीं उरत नाहीं. तरीही पुष्कळ कुटुंबें एकच भला मोठा खड्डा खणतात, किंवा टांकी बांधून ती भरली म्हणजे कोणास तरी बोलावितात. कां? तर तो आपल्या हयातींत भरूं नये, व भरलाच तर आपला हात लागूं नये म्हणून. म्हणजे वतनें गेलीं, कायद्याचे शब्द बदलले, पण वेशीबाहेरचा तो जुना विटाळ खड्ड्याच्या मापांत शिल्लक राहिला. मैला हातानें काढविण्यास 2013 च्या कायद्यानें कडक मनाई केली आहे. ती पाळली जावयाची तर प्रत्येक घरधन्यानें खड्ड्याचें माप आधीं मनांत कमी केलें पाहिजे.

शिवाय घाणीचें रूपही पालटलें आहे. पूर्वीं पाणी डोईवर येई तेव्हां सांडपाणी थोडें होतें. नळ दारीं आला आणि गटार दारापुढें तुंबलें. पूर्वीं पत्रावळ उकिरड्यांत कुजे. प्लास्टिकची पिशवी कुजत नाहीं. सरकारनें 2018 मध्यें तिच्यावर बंदी घातली, तरी ती ओढ्यांत आहेच. माळशिरस तालुक्यांत नीरेच्या कालव्यानें ऊस आणला आणि उसानें कारखाने आणले. त्यांबरोबर दर हंगामास ऊसतोडीचीं कुटुंबें येतात, आणि पाचटाच्या कोप्यांत राहतात. गांवच्या यादींत त्यांचें नांव नसतें, म्हणून गांवच्या संडासाच्या हिशेबांतही नसतें. नवी वेस अशी नकळत उभी राहते. अकलूज, नातेपुतें व माळशिरस येथें आतां ग्रामपंचायती जाऊन नागरी कारभार आला आहे; घंटागाडी दारीं येते, आणि कर भरला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें वाटण्याचा मोह वाढतो.

कोणी म्हणेल, स्वच्छता हें सरकारचें काम, लोकांवर श्रम कां लादतां? दुसरा म्हणेल, लोकांनींच करावें, सरकारनें पैसा कां द्यावा? आम्हांस दोन्ही पक्ष अर्धे वाटतात. टांकी, वाहिनी, गाडी आणि सफाई करणाराचें योग्य वेतन व हातमोजे यांसाठीं पैसा लागतोच. पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 या काळासाठीं पंचायतींच्या अनुदानांतील शेंकडा 30 वांटा स्वच्छतेसाठीं राखून ठेविला, तो याच जाणिवेनें. परंतु ओला व सुका केर घरांतच वेगळा करणें, शोषखड्ड्यांतील गाळ वेळच्या वेळीं काढणें, कोप्यांतील पाहुण्यांस आपल्यांत मोजणें, हें कोणतेंही अनुदान करूं शकत नाहीं. तें पाळीनेंच होतें, आणि ती पाळी प्रत्येक घरावर आली पाहिजे. पाटलाच्याही, मास्तरांच्याही, आणि आम्हां लिहिणारांच्याही.

अलीकडे वारीच्या मुक्कामांवर फिरते संडास मांडतात, स्वयंसेवक वारकऱ्यांस तेथें नेतात. ओढ्याकांठचें दृश्य त्यामुळें पुष्कळ सुधारलें आहे. तरी आमच्या मतें गांवाची परीक्षा पालखी येते त्या दिवशीं नसते. त्या दिवशीं भक्ति असते, पाहुणे असतात, साहेब असतात. परीक्षा असते ती पालखी वेळापूरकडे हालल्यावर, माळशिरसच्या रिकाम्या तळावर. तेथें त्या सकाळीं किती घरचे हात केर वेंचीत आहेत, आणि ते हात एकाच वस्तींतले आहेत कीं साऱ्या आळ्यांतले, एवढें मोजावें. उकिरड्याचा पांग फिटला कीं नाहीं, हें त्यावरून बारा वर्षें न थांबतां कळेल.