ओळींवर लिहिलेले अर्थ

विद्यापीठाच्या इंग्रजी पुस्तकाशी झगडणारा विद्यार्थी नेमका कुठे अडतो, असं विचारलं की बहुतेक जण पारिभाषिक शब्दांकडे बोट दाखवतात. शब्दयाद्यांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही, आणि त्यातला बराच भाग आशियात घडला आहे. १९२०च्या दशकात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करणारे मायकेल वेस्ट यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या बंगाली मुलाच्या पदरात इंग्रजीचं काय पडतं? १९२६च्या पुस्तकात त्यांनी त्यासाठी विमा धंद्यातली ‘सरेंडर व्हॅल्यू’ उचलली; पॉलिसी मध्येच मोडली तरी काहीतरी हाती यायला हवं. म्हणून त्यांनी वाचनमालेतले दुर्मीळ शब्द काढून नेहमीचे घातले आणि नवे शब्द अंतराअंतराने आणले. १९५३ची त्यांची सुमारे २००० शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ याच विचारातून आलेली.

तेवढ्या भांडवलावर सोपी गोष्ट वाचता येते, अर्थशास्त्राचा ग्रंथ नाही. नेहमीचे आणि पारिभाषिक शब्द यांच्यामधला थर हुडकायला काहींनी मजकुरातले शब्द मोजले. मला जास्त पटते ती दुसरी तऱ्हा. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठात लिन यांनी (१९७३) आणि इराणमध्ये गदेसी यांनी (१९७९) विद्यार्थ्यांची वापरलेली पुस्तकंच तपासली. ज्या शब्दाच्या डोक्यावर मातृभाषेतला अर्थ खरडलेला, तो अडलेला शब्द. अशा खुणा पारिभाषिक शब्दांपेक्षा सर्वसाधारण शब्दांवरच जास्त निघाल्या. नवल नाही: पारिभाषिक शब्दाची व्याख्या पुस्तक देतं, शिक्षक ती फळ्यावर लिहितात, ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कॉन्स्टिट्यूट’ कोण समजावणार? युक्तिवादाचे सांधे मात्र त्यांच्यावरच असतात. पुढे वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर चाळला, वेस्ट यांचे शब्द वगळले आणि २००० साली ५७० शब्दकुटुंबांची (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी दिली. अभ्यासग्रंथांतला सुमारे १० टक्के मजकूर ती व्यापते. ललित गद्यात जेमतेम १.४ टक्के. असा वेगळा थर आहे, याचा याहून ठोस पुरावा कोणता?

आक्षेप आहेतच, आणि पोकळ नाहीत. हायलंड आणि त्से या अभ्यासकांनी २००७ साली दाखवलं की एकच शब्द प्रत्येक शाखेत वेगळा वागतो: अभियांत्रिकीतलं ‘अ‍ॅनलाइज’ घटक सुटे करतं, सामाजिक शास्त्रांतलं विचारपूर्वक तपासतं. शिवाय पाया जुना. वेस्ट यांच्या यादीत कॉम्प्युटर नाही, म्हणून तो बिचारा कॉक्सहेड यांच्या यादीत ‘विद्यापीठीय’ शब्द होऊन बसला. पण यातून डळमळते ती यादीची हद्द. तो थर काही नाहीसा होत नाही. उलट हायलंड-त्से यांचा मुद्दा लिन यांच्या रीतीला बळच देतो, कारण ओळीवर लिहिलेला अर्थ त्या शाखेच्या, त्या वाक्यातला असतो. तेव्हा बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्याने ५७० शब्दकुटुंबं अर्थांसह घोकण्यापेक्षा आपल्याच विषयाच्या ग्रंथात अडलेले शब्द टिपावेत, यादीशी ताडावेत, आणि दोन्हीकडे सापडतील ते आधी हाती घ्यावेत.