दाब राखणारी डबी

पत्र्याच्या डब्याला तळाशी भोक पाडून त्यात पाणी भरायचे, हा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात केलेला असतो. पहिल्या मिनिटात जेवढे पाणी बाहेर पडते तेवढे पाचव्या मिनिटात पडत नाही. पातळी उतरते, दाब कमी होतो, धार मंदावते. टॉरिसेलीने 1644 मध्ये याचे गणित मांडले. धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

पाण्याची घड्याळे बनवणाऱ्यांना ही अडचण त्याच्या कितीतरी आधी भेडसावत होती. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसच्या (इ.स.पू. तिसरे शतक) नावावर सांगितला जाणारा उपाय अगदी साधा आहे. भांड्यात गरजेपेक्षा जास्त पाणी सोडत राहायचे आणि जादा पाणी वरच्या भोकातून वाहून जाऊ द्यायचे. पातळी स्थिर, म्हणून धारही स्थिर. मग किती पाणी गेले हे वेळेवरून सांगता येते आणि वेळ पाण्यावरून.

मोटारीच्या इंजिनाला हा उपाय फार उशिरा लागला. कार्बोरेटरमध्ये आत खेचली जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेते. फ्लोटने पेट्रोलची पातळी सांभाळली की काम भागत असे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात आणि मग साऱ्या अमेरिकेत धुरावर कायद्याने मर्यादा आल्या, तेव्हा हे ढोबळ मोजमाप अपुरे पडू लागले. 1967 मध्ये बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक फवारणी फोक्सवॅगन 1600 मध्ये आली. तिच्या इतिहासात ट्रान्झिस्टरच्या पेटीचे कौतुक फार होते. पण ती पेटी पेट्रोल मोजतच नव्हती! इंजेक्टरची झडप किती सहस्रांश सेकंद उघडी ठेवायची, एवढेच ती ठरवत असे. वेळेवरून पेट्रोल ठरायचे तर दाब पक्का हवा, आणि तो राखत होती एक लहानशी धातूची डबी, म्हणजे फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. आत पडदा आणि स्प्रिंग. पंप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पाठवी. दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर, म्हणजे सुमारे 2 वातावरणांवर गेला की झडप उघडून जादा पेट्रोल टाकीत परत जाई. क्टेसिबियसचे वरचे भोक ते हेच.

तरी एक गोची उरतेच. इंजेक्टर ज्या नळीत फवारतो तिथला दाब बदलत असतो. गाडी नुसती उभी, इंजिन मंद चालू असताना तो वातावरणाच्या जेमतेम एकतृतीयांश असतो. म्हणजे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक 2 ऐवजी सुमारे 2.65 वातावरणे होतो आणि तेवढ्याच वेळात पेट्रोल सुमारे 15 टक्के जास्त जाते. डी-जेट्रॉनिक हा दाब मोजतच असल्याने पेटीला हिशेब सावरता येई. 1973 ची ‘एल-जेट्रॉनिक’ मात्र दाबाऐवजी हवेचा प्रवाह मोजू लागली. तेव्हा रेग्युलेटरच्या पडद्यामागे त्याच नळीतून एक बारीक रबरी नळी जोडली गेली. नळीतला दाब उतरला की पेट्रोलचा दाबही तेवढाच उतरतो आणि फरक कायम राहतो. गणित पडद्यानेच केले!

हौशी मंडळी गाडीची ताकद वाढवताना मूळ डबी काढून स्क्रूने दाब बदलता येणारी बाजारातली डबी बसवतात, ती याच जातीची. दाब लावताना ती रबरी नळी काढून ठेवावी लागते. ती जोडलेली असेल तर प्रेशर गेजवर स्प्रिंगचा दाब दिसत नाही, इंजिनाच्या ओढीने उतरलेला दिसतो. ‘दाब वाढवला की ताकद वाढते’ हा समज मात्र आम्हांला पटत नाही. दाब अडीचवरून तीन केला तर पेट्रोल साडेनऊ टक्केच वाढते, आणि सोबतीला तेवढी हवा नसेल तर ते नुसते धुरात जाते. 1976 मध्ये व्होल्व्होने धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक वापरात आणला. असा संवेदक असलेल्या गाडीत पेटी झडपेची वेळ कमी करून ही करामत बरीचशी पुसूनही टाकते.

आपल्याकडे 2000 च्या सुमारास मोटारींत आणि 2020 च्या बीएस-6 नियमांनंतर बहुतेक नव्या स्कूटर-मोटारसायकलींतही फवारणी आली. तेव्हा वर्गातल्या त्या डब्याला वरच्या अंगाला आणखी एक, जरा मोठे भोक पाडा आणि डबा नळाखाली धरा. नळ कमीजास्त करत खालच्या धारेखालचा पेला किती सेकंदांत भरतो, ते मुलांना मोजू द्या.