हर्फ खुले झाले तेव्हा

आमच्या हिमायतनगरात एकाच घरात दोन लिप्या नांदतात. आजोबांचे जुने कागद उर्दूत, नातवाचे पाठ्यपुस्तक मराठीत. निजामी राजवटीत उर्दू सरकारी भाषा होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात (1918) डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवली जाई. तरी उर्दूचे पान बहुधा कातिब हाताने लिही आणि ते शिळाछापावर छापले जाई. नस्तालीक अक्षरे तिरपी उतरतात, शेजारी बदलला की रूप बदलतात. शिशाच्या खिळ्यांत ती बसत नसत.

1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी लिहिलेल्या हजारो जोडरूपांवरून मोनोटाइपच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक तयार झाले. लाहोरचा ‘जंग’ त्यात निघाला. उर्दू संगणकावर आली, पण कुलूपबंद. मराठीचे दुखणेही तेच होते. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा, अक्षरांचे संकेत वेगळे. एकाकडचा मजकूर दुसऱ्याकडे उघडला की नुसता गोंधळ.

कुलपाला पर्याय शोधणारे लोक याच काळात कामाला लागले होते. 1983 मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम कोणीही वापरावा, उघडून अभ्यासावा, बदलावा, वाटावा, अशी त्यांची भूमिका. 1991 मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा कर्नल लिहिला आणि पुढच्या वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती, प्रोसेसरवर पाळी कोणाची, कीबोर्ड आणि डिस्कशी बोलायचे कसे, हे तो ठरवतो. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे.

1991 मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. देवनागरी आणि अरबी लिपी एकाच यादीत आल्या. भारतीय भाषा लिनक्सवर आणण्यासाठी मुंबईत इंडलिनक्स हा गट उभा राहिला. 2004 मध्ये रेड हॅटने लोहित फाँट खुले केले. 2014 मध्ये गूगलचा नोटो नस्तालीक उर्दू आला, तोही खुला.

पण नुसत्या क्रमांकाने अक्षर जुळत नाही. क, हलन्त आणि ष यांचा ‘क्ष’ करायला, नस्तालीकची उतरण सांभाळायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो म्हणजे हार्फबझ. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने वाढवलेला. नाव फारसी आहे: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत तोच काम करतो. मराठी आणि उर्दू दोन्ही अक्षरे जुळवणारा हा एकच प्रोग्रॅम, आणि तो कोणाच्या मालकीच्या कुलपात नाही.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट बोचत आली आहे. परीक्षेत कॉपी करू नका असे आपण मुलांना बजावतो आणि संगणकात मात्र चोरीची सीडी घालतो. दुसऱ्याच्या मेहनतीवर असा डल्ला मारणे हलाल कसे ठरेल? “परवडत नाही” हे उत्तर आता पुरत नाही. उबंटू आणि लिबरऑफिस फुकट मिळतात, कायदेशीर मिळतात आणि दोन्ही लिप्या चालवतात.

विहीर खोदणाऱ्याला माणूस पाणी पितो तोवर सवाब मिळतो. यालाच आपण सदका-ए-जारिया म्हणतो. खुला फाँट करणाऱ्यांनीही तशी विहीरच खोदली आहे. आपल्या शाळांतली मुले आज तिचे पाणी पितात. त्यांतल्या एखाद्याने उर्दू-मराठी शब्दकोश तयार करून असाच खुला ठेवला, तर त्या विहिरीत आपल्या गावचाही एक झरा मिळेल.