धारण तलाव निकामी का होतो आणि दुरुस्त कसा करतात?

धारण तलाव म्हणजे पावसाचे पाणी काही तास थोपवून ठेवणारा तलाव. किनारपट्टीवर भरतीच्या वेळी खाडीची पातळी नाल्यापेक्षा वर जाते आणि शहरातले पाणी बाहेर पडू शकत नाही. अशा वेळी ते तलावात साठते आणि ओहोटी लागली की खाडीत सोडले जाते. खाडीच्या तोंडाशी फ्लॅप गेट असते. ते आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीच्या दाबाने बंद होते.

महाराष्ट्रात कुठे आहेत?
सिडकोने नवी मुंबई वसवताना बेलापूर, वाशी अशा भागांत धारण तलाव बांधले. पालघर जिल्ह्यात 2018 च्या पुरानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्या समितीने वसई-विरारसाठी अशा तलावांची शिफारस केली.

बिघडते काय?
फ्लॅप गेट गंजते किंवा कचरा अडकून उघडे राहते. मग प्रत्येक भरतीबरोबर खाडीचा गाळ आत येतो. गाळावर कांदळवन उगवते. नवी मुंबईत नेमके हेच झाले.

एक हेक्टरचा, एक मीटर खोल तलाव 1 कोटी लिटर पाणी धरतो. 10 हेक्टर वस्तीवर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास तेवढेच पाणी जमते. तलावात 60 सेंटिमीटर गाळ साचला की जागा उरते फक्त 40 लाख लिटरची. बाकीचे पाणी रस्त्यावर आणि घरांत शिरते.

दुरुस्तीचा क्रम
1. आधी फ्लॅप गेट. ते नीट न करता गाळ काढला तर भरती तो पुन्हा भरते.
2. मग गाळाची तपासणी. बोईसर-तारापूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात हे टाळता येत नाही. तिथल्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाज परिषदेने 2016 मध्ये राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली होती. गाळात जड धातू सापडले तर तो शेतात किंवा भरावात टाकता येत नाही, घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच न्यावा लागतो.
3. पावसाळ्याआधी गाळ काढणे आणि बांधाची दगडी पिचिंग दुरुस्त करणे.
4. पंप बसवणे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर गेट बंदच राहते, तेव्हा पाणी उपसावेच लागते.

कांदळवनाचे काय?
मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार कांदळवन तोडण्यास बंदी आहे. सार्वजनिक हितासाठी तोडायचे असेल तरी न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे एकदा झाडे वाढली की साधी साफसफाईही वर्षानुवर्षे अडकू शकते.

म्हणून दरवर्षी मे महिन्याआधी गेट उघडते-मिटते का आणि तलावाची खोली किती उरली, या दोन गोष्टी तपासणे सर्वांत स्वस्त पडते.