हॉग आयलंड : हुकलेल्या युद्धाची गोदी

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरालगत डेलावेअर नदीकाठी हॉग आयलंड हा दलदलीचा भूभाग होता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जर्मन पाणबुड्या मित्रराष्ट्रांची मालवाहू जहाजे झपाट्याने बुडवीत होत्या आणि ही तूट भरून काढणे निकडीचे बनले होते. त्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने येथे गोदी उभारण्याचा करार केला. अल्पावधीत जहाजबांधणीचे ५० तळ असलेली, त्या काळातील जगातील सर्वांत मोठी गोदी येथे उभी राहिली. सुमारे ३० हजार कामगार तेथे राबत होते.

येथील कार्यपद्धती त्या काळी नवी होती. जहाजाचे सुटे भाग देशभरातील कारखान्यांत एकाच मापाने तयार होत. गोदीत ते केवळ जोडले जात. जहाजांची रचना साधी, वळणे कमी. पुढची व मागची बाजू सारखीच दिसत असल्याने जहाज कोणत्या दिशेने चालले आहे, हे पाणबुडीला ओळखणे कठीण जाई.

‘क्विस्टकॉन्क’ या पहिल्या जहाजाचे जलावतरण ५ ऑगस्ट १९१८ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या पत्नी एडिथ यांच्या हस्ते झाले. मात्र ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले आणि जहाज ताब्यात मिळाले ते डिसेंबरमध्ये! येथील एकही जहाज त्या युद्धात उपयोगी पडले नाही. तरीही काम सुरू राहिले. ३० मे १९१९ रोजी अवघ्या ४८ मिनिटांत पाच जहाजे पाण्यात उतरविण्यात आली. १९२१ च्या प्रारंभी गोदी बंद पडली, तोवर ११० मालवाहू व १२ सैन्यवाहू अशी १२२ जहाजे तयार झाली होती.

प्रचंड खर्चामुळे गोदीवर टीकेची झोड उठली. तथापि तिची जहाजे दुसऱ्या महायुद्धात कामी आली. सप्टेंबर १९३९ मध्ये ‘सिटी ऑफ फ्लिंट’ने बुडालेल्या ‘अथेनिया’वरील दोनशेहून अधिक प्रवाशांना आसरा दिला. पुढच्याच महिन्यात जर्मन युद्धनौका ‘डॉइचलँड’ने ते पकडले, नॉर्वेने त्याची सुटका केली. जानेवारी १९४३ मध्ये मात्र पाणबुडीनेच त्याला जलसमाधी दिली.

गोदीची जागा १९३० मध्ये फिलाडेल्फिया शहराने विकत घेतली. आज तेथे शहराचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे.